विल्फ ब्लँचर्डच्या गाडीचं छत

आजच्या सभेच्या अध्यक्षा, आदरणीय श्रीमती हिलरी डाउज. मंचावर त्यांच्या शेजारी बसलेले आणि हे सभागृह आपल्याला दरवर्षी कुरकुर न करता देणारे ग्रामपरिषदेचे ब्रॅकनबरीसाहेब. आजचे सत्कारमूर्ती आणि माझे स्नेही विल्फ ब्लँचर्ड. त्यांच्या सुविद्य पत्नी डोरीन, जिला सुविद्य म्हटलेलं अजिबात खपत नाही, पण आज ती ऐकून घेईल. आणि लिंकनशरच्या या वाऱ्यात आपापल्या उघड्या गाड्या हाकत, केसांची पार दैना करून इथवर आलेल्या माझ्या क्लबच्या बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझी बायको पॅम पहिल्या रांगेत घड्याळ घेऊन बसली आहे, तेव्हा ती पाळली जातील असं समजायला हरकत नाही. मागे टेबलावर चहा आणि प्लम ब्रेड मांडलेला आहे. तुमच्या नजरा तिकडे वळतात ते मला इथून दिसतंय.

विल्फ बावीस वर्षं आपल्या क्लबचा तांत्रिक सल्लागार होता. इथे असा कोण आहे, ज्याच्या गाडीखाली हा माणूस निदान एकदा तरी पाठीवर झोपलेला नाही? आपण खोक्यांतून सुटे भाग मागवतो, गॅरेजात गाडी जोडायला घेतो, आणि शेवटी चार बोल्ट उरले की विल्फला फोन करतो. तो येतो, उरलेले बोल्ट बघतो आणि म्हणतो, "हे ब्रेकचे आहेत." एवढंच. कधी हसला नाही, कधी उपदेश केला नाही. गेल्या महिन्यात त्याने राजीनामा दिला. तीन ओळींचं पत्र. रोज अकरा वाजता मला बाहेर जावं लागतं, क्लबसाठी वेळ होत नाही, तरी मोकळं करावं. कमिटीने मला सांगितलं, रॉय, तू चिटणीस आहेस, चार बरे शब्द बोल. म्हणून मी उभा आहे.

आता त्या अकराच्या कामाविषयी. नव्या सभासदांना माहीत नसेल, म्हणून थोडं मागून सांगतो.

विल्फने त्याची लाल गाडी नऊ वर्षं खपून जोडली. छत नाही, दारं नाहीत, हीटर नाही, पुढची काच वीतभर. आपल्यात रीतच आहे ना, पावसात ज्याने छत चढवलं त्याने पुढच्या सभेला सगळ्यांचा चहा करायचा. विल्फने आयुष्यात कधी चहा केला नाही. पण दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात आपल्या गावाची बस बंद झाली, आणि त्याच महिन्यात त्यांची रोजची साधी गाडी तपासणीत नापास झाली. सांगाडाच गंजून गेला होता. राहिली ही लाल गाडी.

बस गेली तर गेली, असं आपण म्हणालो असतो. डोरीनला तसं म्हणता येत नव्हतं. तिची थोरली बहीण एनिड चौदा मैलांवरच्या वृद्धाश्रमात होती. अर्धांगाचा झटका आल्यापासून तिचं बोलणं गेलं होतं, आणि ती डोरीनशिवाय कुणाच्याही हातून घास घेत नव्हती. तिथल्या मुलींनी गोडीगुलाबीने सांगून पाहिलं, गाणी म्हणून पाहिली. एनिड ओठ मिटून घ्यायची. म्हणजे डोरीन रोज दुपारी बाराला पोचली तर एनिड जेवणार, नाही तर नाही. सरळ हिशेब होता.

मी विल्फला म्हटलं, विकून टाक ही लाल बया आणि चार लोकांसारखी पत्र्याची छोटी गाडी घे. त्यावर डोरीनच म्हणाली, "नऊ वर्षं हा गॅरेजात होता आणि मी स्वयंपाकघरात. ती विकायची, तर मी नऊ वर्षं एकटी कशासाठी बसले?" पॅम म्हणाली, मी सोडत जाईन. तर डोरीन म्हणते, एखाद दिवस ठीक आहे, रोज कुणाचं मिंधं व्हायला मला जमायचं नाही. मग ही बाई सत्तरी उलटल्यावर कोळ्यांचा रबरी कोट घालून, डोळ्यांना गॉगल, मांडीवर गरम पाण्याची पिशवी आणि तिच्यावर कस्टर्डचा डबा, अशी रोज त्या उघड्या गाडीतून जायला लागली. कंबर धरलेली होती तिची. आत शिरताना सीटवर पाय देऊन उभी राहायची, काचेची चौकट धरायची आणि हळूहळू खाली बसायची. नोव्हेंबरात छातीत कफ भरला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा भिजलात तर बहिणीच्या शेजारची खाट तुमची. चार दिवस ती घरी राहिली. एनिड चार दिवस जेमतेम पाण्यावर होती.

तेव्हा विल्फने हातभार मागितला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. हातभाराचा शनिवार म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. अवजारं घेऊन यायचं, आभाळ फाटलं तरी आपल्या हाताने जोडलेल्या गाडीतूनच यायचं, आणि काम झाल्याशिवाय हलायचं नाही. आम्ही चौदा जण आलो. तोवर पॅमने डोरीनला आणायचं-सोडायचं, एवढं डोरीनने नाइलाजाने कबूल केलं.

मंडळी, आम्ही काय काम केलं म्हणून सांगू. ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून कॅनव्हास, मोडीतल्या व्हॅनमधला हीटर, दोन्ही बाजूंना दारं. वारा कुठून आत शिरतो ते बघायला छतावर लोकरीचे धागे चिकटवले. विल्फचा गुडघा आणि स्टिअरिंग यांत किती बोटं राहतात, ते मोजलं. डोरीनच्या जागी आपला कीथ बसून बघायचा. हा समोर बसलाय तो. वय बत्तीस, अंगाने काडी. कीथ म्हणायचा, "एकदम मस्त बसतंय." सुटं छत गळतं म्हणून मी ते रिव्हेट मारून पक्कं केलं आणि सगळे सांधे चिकटवून टाकले. ती कल्पना माझी. डोरीन दर शनिवारी चहा घेऊन यायची, गॅरेजच्या दारात उभी राहायची आणि म्हणायची, "रॉय, एक विचारू का?" आणि मी गाडीखालून सांगायचो, "दहा मिनिटं थांब गं, होतच आलंय."

सहा शनिवार.

सहाव्या शनिवारी काम झालं. पॅमला आम्ही मोठ्या ऐटीत सांगून टाकलं होतं, की आजपासून तुला सुट्टी, आणि ती तिच्या बहिणीकडे निघून गेली होती. पाऊस कोसळत होता. डोरीन कोट घालून, डबा घेऊन आली. दार उघडलं. पाय आत टाकला तर कंबर वाकेना. वाकली तर डोकं नळीवर आपटलं. मग ती पाठमोरी आत शिरायला गेली आणि अर्ध्यात अडकली. आम्ही चौदा पुरुष, त्यांत निम्मे इंजिनिअर, हात बांधून बघतोय. विल्फने तिला बाहेर काढलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "रॉय, मला तेच विचारायचं होतं. मी आत कशी बसू?"

मग बाहेर पाहिलं तर चौदा गाड्या उभ्या, चौदाही बोडक्या, सीटवर पाणी साचलेलं. आपली रीत. एकही छपराची गाडी हाकेच्या अंतरावर नाही. टॅक्सीवाल्याला फोन केला, तो म्हणाला दीड तास. बारा वाजले. आश्रमात फोन केला, तिथली मुलगी म्हणाली, आम्ही प्रयत्न करतो. एनिड त्या दिवशी जेवली नाही. विल्फ गाडीत जाऊन बसला. छत होतं, हीटर चालू होता, एक थेंब आत येत नव्हता. मी चाळीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त केले, पण त्या दिवशी माझे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

पुढच्या आठवड्यात विल्फने आमच्यापैकी एकालाही बोलावलं नाही. त्याने गॅरेजात एक खुर्ची ठेवली, तीत डोरीनला बसवलं आणि म्हणाला, "आता तू सांग, मी कापतो." तिच्या बाजूचं छत त्याने करवतीने कापून काढलं आणि डब्याच्या झाकणासारखं बिजागरीवर बसवलं. झाकण वर, डोरीन सीटवर उभी, काच धरून खाली, झाकण बंद. पाच दिवसांत संपलं. तशी ओबडधोबड गाडी आपल्या क्लबात दुसरी नाही. प्रदर्शनात पहिल्या रांगेतून तिला मागे काढलं, आणि काढणाऱ्यांत मीही होतो. पण त्यानंतर चौदा महिने, धुकं असो की बर्फ, एक दिवस खाडा झाला नाही. एनिड रोज जेवली.

या फेब्रुवारीत एनिड गेली. झोपेत, शांतपणे. अंत्यविधीला आपण सगळे चर्चमध्ये होतो.

आता मला सांगा, फेब्रुवारीत एनिड गेली, तर सप्टेंबरात राजीनामा देणारा हा माणूस रोज अकराला जातो कुठे? झाकणाची लाल गाडी रोज पोस्टासमोरून जाते ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. विचारलं कुणी? आपण कसले विचारतो. "हवा बरी आहे आज," म्हणतो आणि पुढे जातो.

मी विचारलं. पत्र आलं त्याच दिवशी विल्फकडे गेलो. तो म्हणाला, "मला काय कळत नाही, रॉय? आश्रमाच्या फाटकापर्यंत जातो, थांबतो, कस्टर्ड खातो, परत येतो. पण साडेदहाला ती कोट घालून खुर्चीत बसते. मी गाडी काढली नाही तर ती त्या खुर्चीतून उठायचीच नाही. तिला सांगू नकोस."

दोन दिवसांनी डोरीन चर्चच्या स्वयंपाकघरात कपबशा विसळत होती. तिलाही विचारलं. ती म्हणाली, "मला कुठे जायचंय? एनिड गेली ते मला कळत नाही होय? पण तो दहापासून गाडी पुसतो, हीटर लावून ठेवतो. मी नाही म्हटलं तर त्याच्या हाताला काय काम उरेल? म्हणून आपली मी कोट घालते. त्याला बोलू नकोस हं."

पाच आठवडे मी हे दोन्ही पोटात घेऊन फिरतोय. एकाला सांगावं तर दुसऱ्याचा विश्वासघात. गप्प बसावं तर ही दोन माणसं एकमेकांसाठी रोज अठ्ठावीस मैल हिंडतायत. पॅम म्हणाली, "तू हात लावू नकोस, तू हात लावलास की बिघडतं." बरोबर आहे तिचं. मी आज हीटरवर भाषण लिहून आणलं होतं. ते खिशात तसंच आहे. मला हे दुरुस्त करता येत नाही, आणि झाकूनही ठेवता येत नाही, म्हणून तुमच्या दोघांच्या समोर ठेवलं.

विल्फ, अरे छताकडे काय बघतोस, शेजारी बघ.

डोरीन काहीतरी म्हणते आहे. मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून सांगतो. मला नाही, त्याला म्हणाली ती. "उद्या अकरालाच निघायचं ना?" आणि विल्फने मान हलवली.

अध्यक्षबाई, आपण मला बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल आभार. ब्रॅकनबरीसाहेबांचे, प्लम ब्रेड करणाऱ्या भगिनींचे आणि एवढा वेळ चहाकडे न गेलेल्या तुम्हा सर्वांचेही आभार. बोलण्यात माझं अधिक-उणं झालं असेल तर पोटात घाला. डोरीन, तुझी माफी मात्र मी वेगळी मागतो, ती दिलीच पाहिजेस असं नाही. आणि चिटणीस या नात्याने सभेला विनंती करतो, की विल्फ ब्लँचर्ड यांचा राजीनामा आपण मंजूर करावा. त्यांना खरंच वेळ नाही.