बाल्कनीतला हात

दादा : ...आणि मग तू पोराचा हात धरून वर करायचास, बस्स. भाषण मी करतो.

ताई : बॅनर लागलेसुद्धा, दादा. चौकात बघून आले मी. महापौरपदाच्या थेट निवडणुकीसाठी तुझा लेक, आणि खाली कोपऱ्यात हात जोडलेली मी. आता विचारायला आलास?

दादा : विचारत नाहीये, सांगतोय. घरात ठरलंय.

ताई : घरात? मग मी कुठल्या घरातली?

दादा : उगीच फाटे फोडू नकोस. खाली माणसं जमलीत. आपल्या घरातला उमेदवार याच बाल्कनीत जाहीर होतो. आजोबांनी बाबांचा हात वर केला, बाबांनी माझा.

ताई : आणि माझा कुणी केला? कुणीच नाही. बाबा गेले, तू खासदार होऊन राजधानीत बसलेला. बाबांच्या वॉर्डात उभं राहायला दुसरं कुणी नव्हतं. ‘थोडे दिवस सांभाळ’ म्हणालास.

दादा : सांभाळलंस की! मी कुठे नाही म्हणतोय?

ताई : तीन निवडणुका सांभाळलं! बाजाराला आग लागली तेव्हा बंबाच्या मागे धावले. गटार तुंबलं की गुडघाभर घाणीत मीच. तुझा लेक तेव्हा परदेशात होता.

दादा : शिकून आलाय तो.

ताई : पोर गुणी आहे रे. माझ्याच अंगाखांद्यावर खेळलंय. माझा वॉर्ड घेऊ दे त्याला, खाऊ दे लोकांच्या चार शिव्या. पण एकदम महापौर? कुठल्या गल्लीला पाणी कधी सुटतं, ते तरी ठाऊक आहे का त्याला?

दादा : तू आहेस ना सांगायला.

ताई : वा रे वा! खुर्ची त्याची आणि धावपळ माझी.

दादा : हे बघ, तू हात वर केला नाहीस तर घर फुटलं म्हणून शहरभर बोंब होईल.

ताई : आणि मी अपक्ष उभी राहिले तर?

दादा : माझ्या पोराविरुद्ध? मग या घराचा उंबरा विसरायचा! आई, तू तरी सांग हिला. मी पुढे होतो, माणसं ताटकळलीत.

(दादा बाल्कनीत जातो. खालून घोषणा सुरू होतात.)

आई : जा गं बाई. तो ऐकायचा नाही. बापावर गेलाय.

ताई : आणि मी?

आई : तूही त्यांच्यावरच. तिथंच तर सगळं घोडं अडलंय.

ताई : फार लागलंय गं मला. हरले असते ना, तरी एवढं लागलं नसतं.

आई : दिसतंय मला. पण तुम्ही दोघं समोरासमोर उभे ठाकलात, तर मी कुणाच्या दारात मरायचं?

ताई : असं नको ना बोलूस.

आई : मग कर हात वर आणि मोकळी हो.

ताई : आई, मी उभी राहिलेच, तर मत कुणाला देशील?

आई : हे काय विचारणं झालं?

ताई : सांग ना.

आई : तुला. पण दादाला कळता कामा नये.

ताई : म्हणजे बोलायचं त्याच्या बाजूनं आणि मत मला?

आई : बोलायचं काय गं, जन्मभर या घराचंच बोलत आले. आधी तुझे बाबा म्हणतील ते, आता हा म्हणेल ते. मत तेवढं माझं एकटीचं आहे.

ताई : तुझ्यासारख्या किती असतील गं या शहरात?

आई : ते कळायला तुला उभंच राहावं लागेल.