आवाज करणारा कीबोर्ड

कॉम्प्युटरच्या दुकानात माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या. काउंटरवर दाबून बघायला तीन मेकॅनिकल कीबोर्ड मांडले होते.

“आई, हा लाल स्विचचा बघा. लोण्यासारखा चालतो, आवाजच नाही. हाच घेते, घरात कुणाला त्रास नको.”

“आणि हा निळा?”

“तो खटखट वाजतो. माझं भाषांतर दिवसभर चालतं.”

“बघू. अगं बाई, काय झकास वाजतो. परत दाबते.”

“लोक बघताहेत, आई.”

“बघू देत. हाच घे.”

“तुमची दुपारची झोप मोडेल.”

“मोडू दे. तू दार लोटून बसलीस की सगळ्यांना वाटतं, ही रिकामीच आहे. सारख्या हाका मारतात. मीसुद्धा मारते.”

“ते चालायचंच.”

“का चालायचं? माझं शिलाई मशीन धडधडत असलं, की तुझे सासरे चहा मागायला दारापर्यंत यायचे आणि आवाज ऐकून मुकाट स्वयंपाकघरात वळायचे.”

“बाबा?”

“चहा उत्तम करायला लागले. तू दाबून तर बघ.”

“आई, यावरून बोटं उचलवतच नाहीत हो.”

“दादा, हा निळा बांधा. आणि याहून मोठ्यानं वाजणारा असेल, तर आधी तो दाखवा.”