गार ठेवलेलं लेकरू

न्हाई भाऊ, उठू नका — नांदेडची बस अजून यायची हाय, अन् आली तरी माझं ऐकून मगच चढा. नांदेडच्या दवाखान्यातून लेकरू उचलून पुसेगावला आणतो म्हणता? काहून, तर डॉक्टरनं अंगाखाली गार पिशव्या ठेवल्या म्हणून? आधीच जल्मताना दम कोंडला, रडलं न्हाई, अन् आता वरून गारठवून मारून राहिले — असंच वाटतं ना? बराबर हाय. मलाबी तसंच वाटलं होतं. आमी मेंढरावाले, गारठलेलं कोकरू पोटाशी धरून जगवणारे — ऊब म्हंजे जीव, एवढंच आमाला ठाऊक.

दोन हजार चौदा साली माझी धाकटी जाऊ, सुकन्या, कळमनुरीला बाळंत झाली. पोरगी निळी पडली, रडंना. तशीच जीपमधी नांदेडला नेली. तिथली डॉक्टरीण म्हणली, हिला तीन दिवस गार ठेवायचं. मी धावले, पोरीवर पदर टाकला, म्हणलं, बाई, तुमाला लेकरं न्हाईत का? तिनं गुमान पदर काढला, मला भाईर बाकड्यावर घेऊन बसली. म्हणली, "मावशी, दम कोंडला तेव्हा मेंदूतलं थोडं तिथंच मेलं. बाकीचं जिवंत आहे, पण त्याला आतूनच मरायचा हुकूम सुटतो. आज नाही, उद्या-परवा ते आपलं आपणच मरतं. अंग थोडं गार ठेवलं, की तो हुकूम सगळीकडं पोचत नाही. वाचेलच असं नाही, पण वाचू शकतं." थोडंच गार, बरं का — यंत्रावर नजर ठेवून, मग हळूहळू ऊब. घरी असं केलं तर लेकरू जाईल, हे बी तिनंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझा दीर, सुकन्याचा नवरा प्रभू, तुमच्यासारखाच पोरीला न्यायला आला. मी दारात आडवी बसले. म्हणला, "वैनी, काल तर तुमीच भांडत होत्या, आज काहून?"

काहून म्हंजे — मी एक पाहिलं होतं. पंच्याण्णव साली आमच्या वस्तीवर एका बाईचं पोरगं असंच रडलं न्हाई. सुईणीनं फुंकलं, चोळलं, तवा बारीक कण्हलं. सगळे खुश. त्या बाईनं शेकोटीजवळ छातीशी धरलं, वरून घोंगडी. दूध वढलं, घरात गूळ वाटला. अन् मग हातपाय झटकाया लागलं, अंग तव्यावानी तापलं — गेलं. आमाला वाटलं, भाईरचं काही लागलं. डॉक्टरीण बोलली तवा समजलं — ते माझ्या छातीवर निवांत पडलं होतं अन् आत हुकूम चालला होता, अन् मी त्याला ऊब देऊन राहिले —

ती बाई. ती बाई देत होती. डॉक्टरीण म्हणली, कुणाचा दोष न्हाई, तवा इकडं कुणालाच ठाऊक नव्हतं. बराबर हाय. पण अजून भर दुपारी, भाकरी थापता-थापता, इथं डाव्या अंगाला चटका बसतो, बित्ताएवढ्या जागेत. पदर सरकवून पाहते, काही न्हाई. अन् दूध — लेकरू पुरून आले तरी दूध थांबंना, चोळी भिजायची, मी चुलीमागं बसून —

सुकन्याची पोरगी? हाय की. पुनम. डाव्या हाताची मूठ नीट वळत न्हाई, बोलाया उशीर लागला, पण बकऱ्यामागं पळते. मला मोठी आई म्हणते. माझ्या अंगावर झोपली की मी तिला अलगद खाली ठेवते. तिला वाटतं, मी रागावले.

तुमच्या पोराला राहू द्या तिथं, भाऊ. हात लावू देतील, तेवढा लावा.

काय? त्या गेलेल्या लेकराचं नाव? ठेवलं न्हाई. बारसं कुठं झालं. आठवण आली तर हाक कशी मारावी, हे बी —

बस आली तुमची. जा. माझ्याकडं पाहत थांबू नका, चढा.