पाटीवरच्या मेंढ्या

नारीनच्या टपाल कचेरीत रांग थकून बाकावर बसली होती. पुढचा नंबर बेगाइमचा होता, पण मेंढपाळ सागिनबेक आबा खिडकीतल्या कारकून मुलीला सोडेनात.

"पोरी, मॉस्कोच्या नातवाचं पहिलं पाऊल आहे त्या व्हिडिओत. म्हातारी वर कुरणावर वाट बघतेय, तिथे नेट नाही. आणि ट्रक बाहेर उभाय."

"आबा, सहाशे मेगाबाइटचा व्हिडिओ आहे. फोनवर उतरायला ऐंशी मिनिटं लागतील."

"तुमच्या पाटीवर नेटचा वेग सेकंदाला एक मेगा लिहिलाय. सहाशे सेकंद, म्हणजे दहा मिनिटं. मीही शाळेत गेलोय."

"तो मेगाबिट, आबा. आठ बिट मिळून एक बाइट. सकाळपासून चौथ्यांदा सांगतेय."

"म्हणजे चराईच्या पावतीवर एका घोड्याच्या सहा मेंढ्या धरतात, तसं?"

"तसंच. इथे आठ धरतात."

"आणि पाटीवर मेंढ्या मोजल्यात?"

"मेंढ्याच."

"बरोबर आहे. कळप मोठा दिसतो."

बाहेर भोंगा वाजला.

"आबा, ड्रायव्हर दारात आलाय. काय सांगू त्याला?"

"दहा मिनिटं सांग."

"खोटं बोलू?"

"खोटं कशाला? पाटी वाचून दाखव."

बेगाइमने बूट काढले आणि पाय बाकावर घेतले.