आमच्या कॉम्प्युटरला डबा म्हणायचं नाही

...आणि वर पुन्हा 'डबा' म्हणायचं! तुम्हाला सांगतो, मला काय वाट्टेल ते म्हणा, पण आमच्या कॉम्प्युटरला डबा म्हणायचं नाही. जुना आहे, मान्य. मीही जुनाच आहे, म्हणून मला कुणी भंगारात देतं का? ...देतील, सवड मिळाली की.

तर परवा बायकोने भंगारवाल्याला बोलावलं, आणि साक्षीला मेहुणे, बगलेत नवाकोरा लॅपटॉप. "भाऊजी, ह्या डब्यात आहे तरी काय?" म्हटलं, काय आहे? थांबा, तोच सांगेल! लेकीने मला एक कमांड शिकवलीय, पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एकच शब्द टाइप करून एंटर मारायचं, की मशीन आपणहून बोलतं... मी कोण, माझी सिस्टीम कुठली, प्रोसेसर कुठला, मेमरी किती... माणसंसुद्धा स्वतःबद्दल इतकं खरं सांगत नाहीत हो. लेक सकाळपासून तिथंच ऑफिसचं काम करत होती, नुकतीच आत गेली होती, खिडकी उघडीच होती, मारली कमांड. आणि काय सांगू... मेमरी एकशे अठ्ठावीस जीबी! गेल्या आठवड्यापर्यंत चार होती! म्हटलं, काल आतल्या पंख्यावरची धूळ झटकली, बिचाऱ्याला मोकळं वाटलं असेल. मेहुण्यांनी गुपचूप लॅपटॉप पिशवीत घातला. माझी छाती ही एवढी! म्हटलं, आता बंद करून चालू करतो, कसा ताडकन उठतो बघा... आणि त्याच खिडकीत दिला हुकूम.

खिडकी गोठली. डबा मात्र... चुकलो, कॉम्प्युटर मात्र घरघरतोय तसाच. तेवढ्यात आत लेकीचा फोन वाजला आणि पाठोपाठ लेक धावत बाहेर. "बाबा, काय केलंत? ती खिडकी आमच्या ऑफिसच्या मुख्य मशीनला जोडलेली होती. सगळं ऑफिस बंद पडलंय!" म्हणजे मघाशी बोलत होतं ते तिकडचं मशीन, आणि झोपवलं मी त्यालाच...

लेक बसली, बोटं अशी भराभर चालली, आणि थोड्या वेळात अख्खं ऑफिस पुन्हा उभं. ना आरडाओरडा, ना गडबड. अभिमानानं डोळे भरून आले माझे, बोलणी मीच खात होतो ते सोडा. बायको पडद्याकडे बघतच राहिली. "अगं, एवढं मोठं ऑफिस तू ह्या... ह्याच्यावरून सांभाळतेस?" आणि भंगारवाल्याला म्हणाली, "आज नुसती रद्दी न्या."

बघा! म्हणून सांगतो, डबा म्हणायचं नाही. आता लेकीने तिकडचं दार मला कायमचं बंद केलंय. कमांड मारली की मेमरी चार जीबी, खरी खरी. असू दे. घरात माझा हुकूम ऐकणारा तो एकटाच उरलाय, आणि माझं ऐकायला चार जीबी पुष्कळ झाले.