शैलाचं नाव मी लिहिलं नाही

मी खो-खोची कॅप्टन होते, हे तुम्हाला खरं वाटत नाही ना? नववीत होते, बारामतीच्या शाळेत. खेळाच्या सरांनी वही हातात दिली आणि म्हणाले, "बारा नावं तूच लिही."

अकरा लिहिली आणि हात थांबला. उरलेल्या एका जागेसाठी कोऱ्हाळ्याची शैला होती, माझी जिवाभावाची मैत्रीण. पण आठवीतली एक मुलगी तिच्यापेक्षा चपळ होती. मी त्या मुलीचं नाव लिहिलं. शैलाला सांगायचं धाडस होईना, म्हणून सरांनाच सांगायला लावलं. आठ दिवस शैला माझ्याशी बोलली नाही.

सामना इंदापूरला होता. मैदानावर पाहते तर शैला लिंबू-सरबताची किटली घेऊन उभी! सकाळच्या एसटीनं एकटीच आली होती. मी धावत तिच्यापाशी गेले. तीच म्हणाली, "मला घेतलं न्हाईस ते बराबर हाय गं. ती पोरगी पळतीच तशी. पर सरांना कशाला पाठवलंस? तू सांगितलं असतंस, तर तुझ्यापाशीच रडले असते की."

मी तिथंच तिच्या गळ्यात पडून रडायला लागले. तिनं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "आता पळ बाई, न्हाईतर मलाच खेळावं लागंल."