ओडेसाच्या घरचा पाहुणा

सन १९५१, अलाबामातल्या टॅलबर्ट कॉलेजचं मैदान. अमेरिकन फुटबॉलच्या हंगामातला शेवटचा सामना, जिंकेल त्याचं अजिंक्यपद. तिकिटाची रांग काही हलेना. लांबून बसने आलेल्या अल्थियाबाई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि पुढच्या दोघींची चांगलीच जुंपली होती.

“ओडेसा, समोरच्या संघातल्या पोराला कुणी इतकं खाऊ घालतं का गं?”

“मग काय करू, व्हर्लीन? गावातलं एक तरी हॉटेल काळ्या पोरांना खोली देतं का? पाद्रीबाबांनी अख्खा संघ घरोघरी वाटून दिला. माझ्या वाट्याला वेंडेल आला.”

“वेंडेल? गेल्या साली एकट्याने आपल्याला लोळवलं, तो? त्याला तू कोंबडी तळून घातलीस!”

“मुद्दामच घातली. म्हटलं, पोट जड झालं की धावायचा नाही.”

“मग?”

“सगळं फस्त केलं आणि वर भांडी घासली मेल्याने! निघताना म्हणतो, ‘येतो हं, मावशी.’”

“झालं! आता कुणाच्या बाजूने ओरडणार तू?”

“आपल्याच! पण त्यानेही एकदा तरी चेंडू घेऊन रेषेपार धावावं बाई.”

अल्थियाबाईंना राहवेना.

“ताई, जेवणात भेंडी होती का हो?”

“होती की. दोनदा मागून घेतली.”

“दोनदा? घरी भेंडी दिसली की ताटावरून उठतो माझा वेंडेल!”

ओडेसाने अल्थियाबाईंचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी ओढून घेतलं.

“व्हर्लीन, तीन तिकिटं एकत्र माग गं. आणि कुणाच्या बाजूने ओरडणार, ते आता विचारू नकोस.”